विम्याचा अर्ज आणि सत्याणुव्रत



गेले तीन महिने काही लिहिलं नाही. कारण विचाराल तर हसाल. एका विमा कंपनीला पत्रं लिहिण्यात माझा सगळा वेळ गेला. भांडण पैशाचं होतं, पण त्यात माझ्याच घरातलं एक खोटं बाहेर आलं. म्हणून सगळं पहिल्यापासून सांगते. यातली काही माहिती यात्रेला जाणाऱ्या प्रत्येकीला उपयोगी पडेल, आणि काही मला स्वतःला सांगायची आहे.

माझ्या सासूबाई शहात्तर वर्षांच्या. त्यांनी सम्मेद शिखरजीची वंदना एकदाच केली आहे, लग्नानंतर दोन वर्षांनी, सासरे होते तेव्हा, रेल्वेनं. त्या वंदनेच्या गोष्टी मी लग्न होऊन आले तेव्हापासून ऐकते आहे. पहाटे दोनला अंघोळ करून निघालो, अनवाणी चढलो, गौतम स्वामींच्या टोंकेवर पोचलो तेव्हा उजाडत होतं, पार्श्वनाथांच्या टोंकेवर वारा एवढा की पदर डोक्यावर राहीना. वीस तीर्थंकर तिथून मोक्षाला गेले. नऊ कोस नव्हे, नऊ किलोमीटर चढण, नऊ किलोमीटर वरची परिक्रमा, नऊ किलोमीटर उतरण, असे सत्तावीस किलोमीटर. हे आकडे आमच्या घरातल्या लहान मुलांनाही पाठ आहेत.

दोन वर्षांपासून त्यांचे गुडघे कुरकुरत होते. डॉक्टर म्हणाले, डोलीनं जाणार असाल तर या वर्षी जाऊन या, पुढचं सांगता येत नाही. तेव्हा ह्यांनी ठरवलं की आईंना रेल्वेचे दोन दिवस झेपणार नाहीत, पुण्याहून रांचीला विमानानं जाऊ. माघ शुद्ध चतुर्दशीला वंदना. आम्ही दोघं, सासूबाई आणि माझ्या नणंदबाई, असे चौघं. जाऊन-येऊन चौघांची तिकिटं ₹५६,४०० ची. तिकीट काढताना खाली एक चौकट आली, "प्रवास विमा, माणशी ₹२९९." मनात म्हटलं, एवढा खर्च करतोय, तीनशे रुपयांत निर्धास्त होऊ. चौकटीवर टिचकी मारली. ₹१,१९६ गेले. त्या विम्यात काय आहे, काय नाही, हे मी एक ओळही वाचलं नाही. तुम्हीही वाचलं नसतं. पण त्यानं माझी चूक कमी होत नाही.

निघायच्या दिवशी सकाळी सातला सांगलीहून गाडी केली. दशम्या, मेथीचे ठेपले, बिनलसणाची शेंगदाण्याची चटणी, प्रासुक पाण्याचे दोन थर्मास. विमान संध्याकाळी सात चाळीसचं. आईंचा रात्रिभोजन त्याग आहे, म्हणून साडेपाचच्या आत त्यांचं जेवण उरकायचं आणि मग आत जायचं, असं गणित होतं. विमानतळावर त्या खुर्चीवर बसून दशमीचा पहिला तुकडा मोडत होत्या, तेवढ्यात ह्यांच्या मोबाइलवर मेसेज आला. "परिचालनातील अडचणींमुळे आपले उड्डाण रद्द करण्यात आले आहे." पुढचं विमान परवा सकाळी. हवं तर ते घ्या, नाहीतर पैसे परत घ्या.

परवा म्हणजे चतुर्दशी हुकली. नणंदबाईंची रजा हुकली. आणि दोन रात्री पुण्यात राहायचं, आईंच्या सोवळ्याचं काय, सगळेच प्रश्न. मी काउंटरवर गेले. तिथं रांग होती, तरी मी पुढं घुसले. समोर माझ्या लेकीच्या वयाची मुलगी होती. तिला मी जे बोलले ते इथं लिहिणार नाही. "तुम्हाला पाप लागेल" इथपर्यंत बोलले. ती एवढंच म्हणाली, "मॅडम, मला पण आत्ताच कळलं." मागं वळून पाहिलं तर आईंनी डबा झाकून ठेवलेला, डोळे मिटलेले. त्यांना चक्कर आली होती. विमानतळावरच्या डॉक्टरांनी रक्तदाब पाहिला, एकशे सत्तर. तासाभरानं उतरला. आम्ही पैसे परत मागितले, रात्री दुसरी गाडी केली आणि पहाटे तीनला घरी आलो. आई दिवसभर उपाशी राहिल्या होत्या, कारण त्यांनी तो मोडलेला तुकडा खाल्लाच नव्हता आणि मग सूर्य मावळला.

दुसऱ्या दिवशी मी विम्याचा अर्ज भरला. राग होताच. मोबाइलवरच भरायचा होता. सगळा खर्च लिहिला. तिकिटं ₹५६,४००. पुण्याला जाण्या-येण्याच्या दोन गाड्या ₹१०,५००. रांचीच्या हॉटेलच्या दोन खोल्या ₹४,८००, त्या परत मिळणाऱ्या नव्हत्या. रांचीहून मधुबनच्या गाडीचा ॲडव्हान्स ₹५,०००. एकूण ₹७६,७००. मधुबनच्या धर्मशाळेला आधी पाठवलेली रक्कम मात्र लिहिली नाही. ते दान होतं, ते परत मागायचं नसतं, एवढं भान त्या रागातही होतं.

बारा दिवसांनी उत्तर आलं. एक ओळ. "आपला दावा पॉलिसीच्या अटी व शर्तींमध्ये बसत नसल्याने नामंजूर करण्यात येत आहे." संपलं. कुठली अट, कुठली शर्त, काही नाही. त्यांच्या मदत क्रमांकावर फोन केला तर आधी पंधरा मिनिटं गाणं ऐकवलं, मग एका मुलानं तीच ओळ वाचून दाखवली.

घरात दोन मतं झाली. हे म्हणाले, "जाऊ दे. आपलं अंतराय कर्म होतं. पैशापायी कशाला डोकं तापवतेस?" नणंदबाई म्हणाल्या, "वा, जाऊ दे कसं? पैसे घेताना बरे घेतले." आणि मी मधेच. मला ह्यांचं म्हणणं धर्माचं वाटत होतं आणि नणंदबाईंचं खरं वाटत होतं.

त्या आठवड्यात आमच्या ओळखीतले एक भाऊ घरी आले. त्यांना विम्याच्या कामाची माहिती आहे. त्यांनी कागद पाहिले आणि हसले. म्हणाले, "वहिनी, तुम्ही कारणच चुकीचं लिहिलंय. विमान कंपनीनं उड्डाण रद्द केलं तर प्रवास रद्दचे पैसे मिळत नाहीत. पण प्रवास करणारा आजारी पडला तर मिळतात. मावशींना त्या दिवशी चक्कर आलीच होती ना? बीपी वाढलेलं होतंच. डॉक्टर आपलेच आहेत. आदल्या दिवशीच्या तारखेचं एक सर्टिफिकेट घ्या, प्रवास करू नये असं लिहून. नवा अर्ज करू. ह्यात खोटं काय आहे? आजारी होत्याच की."

मैत्रिणींनो, खरं सांगते, मला ते खोटं वाटलं नाही. चक्कर आली होती. रक्तदाब वाढला होता. विमानतळावरच्या डॉक्टरांची चिठ्ठीही होती. फक्त तारीख एक दिवस मागं घ्यायची. समोरच्यांनी आम्हाला एका ओळीत वाटेला लावलं होतं, त्यांच्याशी असं वागलं तर काय बिघडलं? मी म्हटलं, "सोमवारी डॉक्टरांकडं जाऊन येते."

आई आत माळ घेऊन बसल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. रात्री मी त्यांच्या पायाला तेल लावत होते तेव्हा म्हणाल्या, "विमान राहिलं म्हणून मला चक्कर आली. मला चक्कर आली म्हणून विमान राहिलं, असं लिहिणार आहेस होय?"

मी म्हटलं, "आई, तेवढं चालतं हो. सगळे करतात."

त्या म्हणाल्या, "करतात खरं. मला कशाला त्यात घालतेस? शिखरजीला जाणार होते मी. त्या नावानं खोटा कागद नको." आणि कूस बदलून झोपल्या. रागावल्या नाहीत. त्या कधीच रागावत नाहीत, म्हणून तर त्यांचं बोललेलं लागतं.

त्या रात्री मी तत्त्वार्थसूत्र काढलं. दशलक्षणात रोज एक अध्याय होतो, त्यामुळं सातवा अध्याय मी दरवर्षी ऐकते. व्रतांचे अतिचार त्यातच आहेत. सत्याणुव्रताचे पाच. मिथ्योपदेश, रहोभ्याख्यान, कूटलेखक्रिया, न्यासापहार आणि साकारमंत्रभेद. पाठशाळेत घोकलेले. पण घोकताना कूटलेखक्रिया म्हणजे मला जुन्या काळचा सावकार दिसायचा, बोरूनं खोटं खत लिहिणारा. जे घडलं नाही, जे कुणी बोललं नाही, ते घडलं-बोललं म्हणून दुसऱ्याला फसवण्यासाठी कागदावर लिहिणं, हा त्याचा अर्थ. आदल्या दिवशीच्या तारखेचं सर्टिफिकेट हे अगदी तेच. बोरूच्या जागी डॉक्टरांचा लेटरहेड, एवढाच फरक.

मग मला वाटलं, बरं, ते नाही करायचं. आपण बाकी तर खरंच लिहिलंय. खात्री करायला मी माझा पहिला अर्ज परत उघडला. आणि मला माझ्याच हातचं दिसलं. अर्जात एक प्रश्न होता, "या नुकसानीपैकी कोणतीही रक्कम अन्य कोणाकडून परत मिळाली आहे किंवा मिळणार आहे का?" त्यापुढं मी लिहिलं होतं, "नाही." आणि विमान कंपनीचा मेसेज त्याच्या आदल्या रात्रीच आला होता की तिकिटांचे पैसे खात्यात जमा होतील. नंतर ते जमाही झाले, थोडे सुविधा शुल्क कापून. म्हणजे ₹५६,४०० मी दोनदा मागितले होते. खाली "वरील माहिती खरी आहे" ह्यावर माझं नाव होतं.

मी ते मुद्दाम लिहिलं का? नाही. रागात, घाईत, पटापट टिचक्या मारत लिहिलं. पण त्या भाऊंचा सल्ला ऐकायच्या आधीच माझा कूटलेख तयार होता. दुसऱ्यानं सुचवलेलं खोटं आपल्याला दिसतं. आपण स्वतः लिहिलेलं तीन आठवडे मोबाइलमध्ये पडून होतं, मला दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी कामं आवरल्यावर मी पॉलिसी उघडली. चौतीस पानं. माझी भाची पुण्यात वकिलीचं शिकते, तिला फोनवर घेतलं आणि दोघींनी वाचली. जे कळलं ते साध्या शब्दांत सांगते, कारण अशा बऱ्याच पॉलिसींची रचना साधारण अशीच असते.

"प्रवास रद्द" हे एक कलम. त्यात पैसे कधी मिळतात, तर त्यात दिलेल्या कारणांनी रद्द झाला तरच. प्रवासी किंवा जवळचा नातेवाईक वारला, दवाखान्यात भरती झाला, नैसर्गिक आपत्ती आली, अशी कारणं मोजून दिलेली असतात. जे त्या यादीत नाही ते नाही. विमान कंपनीनं आपल्या अडचणीमुळं उड्डाण रद्द केलं, हे आमच्या यादीत नव्हतं. म्हणजे ₹७६,७०० चा माझा दावा नाकारला, तो नियमानं बरोबर होता. हे मान्य करायला मला जड गेलं. पण लिहिलेलं होतं.

पुढं आणखी एक कलम होतं, "प्रवासास विलंब." त्यात लिहिलं होतं की ठरलेल्या उड्डाणाला सहा तासांपेक्षा जास्त उशीर झाला किंवा ते रद्द झालं तर माणशी ठरावीक ₹३,०००. पावत्या नकोत, खर्चाचा हिशेब नको, फक्त उड्डाण रद्द झाल्याचा पुरावा. चौघांचे ₹१२,०००. हे मी मागितलंच नव्हतं, कारण असं काही आहे हेच मला माहीत नव्हतं. आणि माझा अर्ज वाचणाऱ्यानंही सांगितलं नव्हतं की बाई, ते नाही मिळणार, पण हे मिळेल.

मला न्यासापहार आठवला. कुणी आपल्याकडं ठेव ठेवली, किती ठेवली ते विसरला, आणि कमी मागितली, तर "हो, तेवढीच होती" म्हणून कमी देणं, हा तो अतिचार. कंपनीचा हिशेब कंपनी बघेल. पण त्या दिवशी मला ह्यांच्या "जाऊ दे" चं उत्तर सापडलं. माझं नाही ते मागणं चूक, हे तर खरंच. पण माझं आहे ते नीट, शांतपणे मागितलं तर त्यात लोभ कसला? पैसे सोडायचेच असतील तर हातात घेऊन, मोजून, दान म्हणून सोडू. भांडायचा कंटाळा आला म्हणून सोडले तर त्याला त्याग म्हणू नये. ह्यांना हे बोलून दाखवलं, तर म्हणाले, "मग माग की. पण रात्री फोनवर ओरडू नकोस."

ओरडण्याचं पण सांगते. क्रोधाचे चार प्रकार आपण शिकतो. दगडावरची रेघ, जमिनीतली भेग, वाळूतली रेघ आणि पाण्यावरची रेघ. माझा राग दगडावरचा नव्हता, पण तीन आठवडे झाले तरी भेग बुजत नव्हती, हे खरं. मी आधी एक पत्र लिहून ठेवलं होतं, "तुम्ही लुटारू आहात" पासून सुरू होणारं. ते पुसलं. मग सामायिकाला बसले, उठले आणि नवीन लिहिलं. त्यात तीन गोष्टी होत्या.

एक, माझ्या पहिल्या अर्जात एका प्रश्नाचं उत्तर चुकीचं आहे. तिकिटांचे पैसे मला विमान कंपनीकडून मिळाले आहेत. ते दाव्यातून वगळावेत, चुकीबद्दल क्षमस्व. दोन, प्रवास रद्दच्या कलमाखालचा बाकीचा दावा मी मागं घेते. तीन, विलंबाच्या कलमाखाली चौघांचे ₹१२,००० मला देय आहेत. सोबत उड्डाण रद्द झाल्याचा मेसेज आणि विमान कंपनीचं पत्र जोडलं आहे. हा दावा नाकारायचा असेल तर कोणत्या कलमातल्या कोणत्या वाक्यामुळं, ते लेखी कळवावं.

भाची म्हणाली, "मावशी, पहिलं वाक्य कशाला लिहितेस? ते तुझ्यावरच उलटवतील. फसवणूक म्हणतील." तिचं म्हणणं चुकीचं नव्हतं. भीती मलाही वाटली. पॉलिसीत लिहिलेलं असतंच की खोटी माहिती दिली तर सगळाच दावा बुडू शकतो. आईंना विचारलं. त्या पोळ्या लाटत होत्या. म्हणाल्या, "बुडाला तर बुडाला. बाराच हजार आहेत." मी पहिलं वाक्य ठेवलं.

पत्र मदत क्रमांकाच्या मुलाला नाही, कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला पाठवलं. असा अधिकारी प्रत्येक विमा कंपनीत असावा लागतो, त्याचा पत्ता आणि ईमेल पॉलिसीच्या शेवटच्या पानांवर असतो. तक्रारीला दोन आठवड्यांत उत्तर द्यायचं असतं. आमचे दोन आठवडे गेले, उत्तर नाही. मग विमा नियामक प्राधिकरणाच्या "बीमा भरोसा" ह्या ठिकाणी तक्रार नोंदवली. ती ऑनलाइन होते, किंवा १५५२५५ ह्या क्रमांकावर फोन करून. मी फोन केला. मला तक्रारीचा क्रमांक मिळाला. आणि कंपनीला एक ओळ लिहिली की महिना पूर्ण होताच मी विमा लोकपालांकडं जाईन.

त्यानंतर नवव्या दिवशी कंपनीचा ईमेल आला. विलंबाच्या कलमाखाली ₹१२,००० मंजूर. माझ्या चुकीच्या उत्तराबद्दल एवढंच की "आपण दिलेल्या दुरुस्तीची नोंद घेतली आहे." मी ते वाक्य दोनदा वाचलं. पैशाच्या वाक्यापेक्षा मला त्याच वाक्याचा जास्त सुटकेचा श्वास आला.

म्हणजे हिशेब असा. विम्याचा हप्ता धरून आमचे ₹२१,४९६ गेले, ₹१२,००० आले. साडेनऊ हजारांचं नुकसान राहिलं. ते आमचं. त्या भाऊंच्या मार्गानं गेले असते तर कदाचित सगळे मिळाले असते. ते परवा भेटले तेव्हा म्हणाले, "वहिनी, तुम्ही फार सरळ." मी म्हटलं, "सरळ नाही हो, सासूबाईंनी धरून ठेवलं."

आता तुमच्या उपयोगाचं.

यात्रेला निघताना विमा घेतलात तर पैसे भरायच्या आधी दोनच गोष्टी वाचा. "प्रवास रद्द" ची कारणं कोणती, आणि "विलंब" मध्ये "रद्द" हा शब्द आहे की नाही. काही पॉलिसींत तो नसतो, मग विमान रद्द झालं तर विलंबाचेही पैसे मिळत नाहीत.

विमान कंपनीनं स्वतः उड्डाण रद्द केलं तर "परतावा नाही" असं लिहिलेल्या तिकिटाचेही पैसे परत मिळतात, किंवा दुसरं उड्डाण मिळतं. त्याशिवाय, उड्डाणाला चोवीस तासांपेक्षा कमी वेळ उरला असताना कळवलं आणि कारण कंपनीच्या हातातलं होतं, तर नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमानुसार भरपाईही मिळू शकते. उड्डाण एक तासापर्यंतचं असेल तर ₹५,०००, दोन तासांपर्यंत ₹७,५००, त्याहून लांब असेल तर ₹१०,०००, किंवा मूळ भाडं अधिक इंधन शुल्क, यातलं जे कमी असेल ते. धुकं, वादळ, हवाई वाहतूक नियंत्रण अशा हाताबाहेरच्या कारणांना ती नाही. तिकीट काढताना स्वतःचा मोबाइल नंबर द्या, दुसऱ्याच कुणाचा दिलात तर "आम्ही कळवलं होतं" म्हणायला त्यांना जागा राहते. ही भरपाई मी उशिरा, भाचीनं सांगितल्यावर मागितली आहे, एअरसेवावर तक्रार टाकली आहे. त्याचं उत्तर अजून यायचं आहे.

विमा नाकारला तर आधी कंपनीकडं लेखी तक्रार. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल. नाकारल्यापासून वर्षाच्या आत जायचं. फी नाही, वकील लागत नाही, चालतही नाही, आपण स्वतः बोलायचं. आपल्या सांगली-कोल्हापूरकडच्या लोकांसाठी त्यांचं कार्यालय पुण्यात आहे. पन्नास लाखांपर्यंतच्या तक्रारी तिथं चालतात, मग आपले बारा हजार का चालणार नाहीत?

आणि अर्ज भरताना जेवून, पाणी पिऊन, राग उतरल्यावर भरा. "होय-नाही" च्या प्रश्नांपाशी थांबा. आपण तिथंच घसरतो.

विमानतळावरच्या त्या मुलीचं मात्र राहून गेलं. तिचं नाव मला माहीत नाही, ती भेटणार नाही. क्षमावाणीला आपण ज्यांना क्षमा मागतो ते सगळे ओळखीचे असतात, त्यांनी आधीच माफ केलेलं असतं. तिनं केलं की नाही, कोण जाणे. रोजच्या प्रतिक्रमणात मी तिला धरून क्षमा मागते, एवढंच माझ्या हातात आहे.

आईंचं विचाराल, तर त्यांनी त्या चतुर्दशीला घरीच वंदना केली. पहाटे उठून अंघोळ केली, देवघरासमोर पाट घेतला, डोळे मिटले आणि गौतम स्वामींपासून एकेक टोंक म्हणत गेल्या. मधे थांबून "इथं जरा चढ आहे" असं पुटपुटल्या. शेवटी पार्श्वनाथांच्या टोंकेपाशी आल्या तेव्हा त्यांनी डोक्यावरचा पदर हातानं घट्ट धरला. अडीच तास लागले. मी बाहेर दाराशी बसून होते.

कार्तिकात पुन्हा निघायचं म्हणतोय, या वेळी रेल्वेनं. कोल्हापूरहून धनबादला दीक्षाभूमी एक्स्प्रेस जाते, त्याच मार्गावर पारसनाथ स्टेशन आहे. आईंचे गुडघे काय म्हणतील ते तेव्हा बघू. आलेले बारा हजार त्यांनी माझ्याकडं ठेवायला दिले आहेत, डोलीसाठी. मोजून घेतले आणि त्यांच्यासमोर वहीत लिहून ठेवले.

जय जिनेंद्र.